पेंटरच्या एस्टिमेटमधले शब्द : कुठल्या ओळीत नक्की काय काम येतं?

तिसरं_गेट
मंडळी, बेळगावात टिळकवाडीतल्या घराच्या रंगकामासाठी तिघांकडून एस्टिमेट घेतलंय. तिन्ही कागद समोर ठेवले तरी तुलना होत नाही, कारण प्रत्येकाची भाषा वेगळी.

पहिला : "जुन्या भिंती खरवडून घासून, टचअप पुट्टी, एक हात प्रायमर, दोन हात इमल्शन, दर चौरस फुटाला."
दुसरा : "फुल पुट्टी, सीलर, वर लस्टर."
तिसरा : "ब्रासवर दर, मटेरियल सोडून. दारं लांबी भरून ऑइल पेंट. ग्रिल वेगळं."

घर जुनं, सिमेंटच्या गिलाव्याचं. मागं एक खोली नवीन काढली आहे, तिचा गिलावा कोरा आहे. गणपतीआधी उरकावं असं घरच्यांचं म्हणणं. जाणकारांनी शब्द फोडून सांगावेत. ब्रँडची भांडणं नकोत.

कुंदा_प्रेमी
"ब्रँडची भांडणं नकोत" म्हणालात म्हणजे आता तीच होणार बघा.

परांची
आधी मापाचं बोलू. निम्मे वाद तिथंच होतात.

ब्रास म्हणजे रंगकामात १०० चौरस फूट. वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा असतो, त्याची इथं गल्लत नको. तिसऱ्याचा दर १०० ने भागा, की पहिल्याच्या दराशेजारी ठेवता येईल. पण "मटेरियल सोडून" म्हटलंय तेव्हा ती नुसती मजुरी. त्यात पॉलिश पेपर, ब्रश, रोलर, जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक, मास्किंग टेप कुणाचं, हे आत्ताच विचारून घ्या. थोडं वाटतं, पण चार खोल्यांना बरंच लागतं.

दुसरं, चौरस फूट कशाचा? भिंतीचा की कार्पेटचा, म्हणजे आतल्या जमिनीचा? "कार्पेटच्या साडेतीनपट" असा अंदाज बरेच जण लावतात. टाइल्स लावलेलं स्वयंपाकघर आणि बाथरूम धरून सगळ्या घराला तो साधारण बसतो, एकेका खोलीला बसत नाही. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली घ्या. भिंती ४४० आणि छत १२० मिळून ५६० चौ. फूट झाले, म्हणजे कार्पेटच्या साडेचारपटीच्या वर. टेप लावून मोजलेलंच बरं.

तिसरं, दारं-खिडक्या वजा करायच्या का? सरकारी कामातली भारतीय मानकाची पद्धत अशी : अर्धा चौरस मीटर, म्हणजे साधारण ५ चौ. फुटांपर्यंतची झरोक्यासारखी उघडी जागा वजाच करत नाहीत. त्यापुढं ३ चौ. मीटरपर्यंत, म्हणजे ३२ चौ. फुटांपर्यंत, भिंतीच्या एकाच बाजूतून वजा करतात, दुसरी बाजू भरीव धरतात. त्या बदल्यात चौकटीभोवतीच्या कडा वेगळ्या मोजत नाहीत. घरगुती पेंटर कडाही मोजतो आणि वजाही करत नाही. दोन्हीतलं एकच घ्यायला लावा.

तिसरं_गेट
@परांची, हे आधी माहीत असतं तर तिघांना एकच माप देऊन दर मागवले असते.

परांची
अजूनही द्या. स्वतः मोजून एकच तक्ता तिघांना पाठवा. रंगापेक्षा तक्त्यातच जास्त पैसे वाचतात.

नीरू_फिनिश
आता पुट्टी.

"टचअप पुट्टी" म्हणजे खड्डे, खिळ्यांची भोकं, पोपडे निघालेली जागा एवढंच भरणं. "फुल पुट्टी" म्हणजे पूर्ण भिंतीवर पत्र्यानं (पातळ लोखंडी पट्टीनं) ओढलेले दोन हात, पहिला उभा ओढला तर दुसरा आडवा. मजुरीत मोठा फरक पडतो, म्हणून पहिला आणि दुसरा यांची तुलना होणारच नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.

पुट्टीही दोन जातींची. पांढऱ्या सिमेंटची पावडर पोत्यात येते. तिच्यात वजनाच्या ३६ ते ४० टक्के पाणी घालून लापशी करायची, दहा मिनिटं थांबून परत ढवळायची आणि तीनएक तासांत संपवायची. घट्ट झाली म्हणून वरून पाणी घालून परत मळली की ताकद गेलीच. दोन हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नेऊ नये. भिंत त्याहून वाकडी असेल तर ते गिलाव्याचं काम, पुट्टीचं नव्हे. दुसरी ॲक्रिलिक, बादलीत तयार पेस्ट येते. ती फक्त आतल्या भिंतीला. बाहेर किंवा ओलीच्या जागी लावली तर फुगून पापुद्रे सुटतात.

तुमच्या नव्या खोलीला सिमेंटची पुट्टी घ्या. गिलावा हलका ओला करून थेट त्यावर पुट्टी, घासाई, धूळ पुसून मग प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), मग रंग.

निपाणी_नाका
थेट पुट्टी? आमच्याकडं निपाणी-चिक्कोडी भागात सगळे आधी प्रायमर, मग पुट्टी, परत प्रायमर करतात. प्रायमरशिवाय पुट्टी धरतच नाही असं पेंटर ठामपणे सांगतात.

नीरू_फिनिश
@निपाणी_नाका, ॲक्रिलिक पुट्टी असेल तर पेंटरचं बरोबर. ती प्रायमरवरच बसते, कोऱ्या सिमेंटवर तिचं पाणी गिलावा ओढून घेतो आणि ती भुसभुशीत होते. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचं उलटं. तिला घट्ट व्हायला पाणी लागतं आणि ती गिलाव्यात घुसून पकडते. मध्ये प्रायमरचा पापुद्रा आला की पकड त्या पापुद्र्यावर, भिंतीवर नाही. म्हणून "प्रायमर आधी की पुट्टी आधी" याचं उत्तर पुट्टी पोत्यातली आहे की बादलीतली, यावर ठरतं.

जुन्या रंगावर सिमेंटची पुट्टी मारली तर पहिल्या पावसाळ्यात थापच्या थाप सुटते. तिथं रंग खरवडून गिलावा उघडा करा, किंवा घट्ट बसलेला रंग असेल तर घासून, प्रायमर मारून ॲक्रिलिक पुट्टी पातळ ओढा.

निपाणी_नाका
हे पटलं. पण मग पेंटरला पहिल्या प्रायमरचे पैसे कसे मिळणार ओ? :)

वॉटर_पेपर
"खरवडून घासून" या दोन शब्दांत सगळ्यात जास्त चोरी होते, त्यावर कुणी बोललं नाही.

खरवडणं म्हणजे लोखंडी पत्र्यानं सुटलेला रंग काढणं. घासणं म्हणजे पॉलिश पेपर. पुट्टीला आधी १२० किंवा १५० नंबर, मग २२०. नंबर वाढेल तसा पेपर बारीक. एकच जुना, गुळगुळीत झालेला पेपर घेऊन भिंतीवरून हात फिरवला तर त्याला घासणं म्हणत नाहीत. वॉटर पेपर वेगळा, तो पाण्यात भिजवून वापरतात. धूळ उडत नाही, लाकूड-लोखंडावर चांगला.

पुट्टी घासल्यावर तळहात भिंतीवर दाबून ओढा. हात पांढरा झाला तर धूळ पुसलेली नाही. तसाच प्रायमर मारला तर तो धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. जुना डिस्टेंपर किंवा चुना असेल तर पुसूनही हात पांढराच होत राहतो. त्याला चॉकिंग म्हणतात. अशा भिंतीवर इमल्शन मारायचं नाही. सगळं धुऊन, खरवडून काढायचं.

दुसरी खूण : बल्ब. रात्री सगळे दिवे घालवून एक उघडा बल्ब भिंतीला लागून, बाजूनं धरायचा. उजेड भिंतीला घासून जातो आणि पत्र्याच्या कडेचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खळगा सावलीसकट दिसतो. चांगला पेंटर प्रायमरनंतर स्वतःच बल्ब लावून पेन्सिलीनं गोल करत जातो आणि तेवढंच परत भरतो. बल्ब न लावणाऱ्याची भिंत दिवसा छान दिसते, संध्याकाळी ट्यूब लावली की लाटा दिसतात.

चपडा_स्पिरिट
लांबीबद्दल. जुने कारागीर लाकूड-लोखंडावर भरायच्या मसाल्याला लांबी म्हणतात. खडूची पावडर आणि डबल बॉइल जवसाचं तेल, किंवा पावडर, थोडा ऑइल पेंट आणि वार्निश असं मळून. सुकायला वेळ लागतो, पण दाराच्या हालचालीबरोबर थोडी हलते. भिंतीची सिमेंटची पुट्टी दारात भरली तर कडक होऊन उन्हाळ्यात तडकून पडते. एस्टिमेटमध्ये "लांबी" लिहिणारा बहुधा जुना हात आहे, त्याला घालवू नका.

दाराचा क्रम : जुना रंग घट्ट असेल तर घासून चकाकी घालवायची, उघडं लाकूड दिसेल तिथं वुड प्रायमर, मग लांबी, २२० नं घासाई, मग दोन हात इनॅमल. "ऑइल पेंट" म्हणजे हेच सिंथेटिक इनॅमल. पातळ करायला टर्पेंटाइन. एन. सी. थिनर (लॅकरसाठीचं) घातलं की खालचा हात सुरकुतून उचलतो. स्वस्त मिळालं म्हणून थिनर वापरणारे आहेत, डब्यावर नजर ठेवा.

जुन्या सागवानी दारांवर कित्येक वर्षांचे थर असतील तर कोरडं घासू नका. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं नको हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांची धूळ लहान मुलांच्या घरात उडवू नये. वॉटर पेपर, ओलं फडकं, आणि त्या खोलीत स्वयंपाक नको.

वडगाव_मागरी
सीलर आणि प्रायमर एकच का? आणि लस्टर म्हणजे चकचकीत रंग ना?

वॉटर_पेपर
भिंतीच्या कामात पेंटर दोन्ही शब्द एकाच डब्यासाठी वापरतात. लाकडाच्या पॉलिशमध्ये मात्र सीलर वेगळा : लाकडाची छिद्रं बंद करणारा पारदर्शक हात. म्हणून दुसऱ्या पेंटरला डब्याचं नाव विचारा.

लस्टर म्हणजे तेलातला, टर्पेंटाइननं पातळ होणारा भिंतीचा रंग. वास दोन-चार दिवस राहतो, धुता येतो, कालांतरानं पांढरा पिवळट पडतो. हॉस्पिटलच्या, शाळेच्या भिंतींना पूर्वी हाच असायचा. "प्लास्टिक पेंट" म्हणजे इमल्शनचंच, पाण्यानं पातळ होणाऱ्या रंगाचंच जुनं नाव. "स्नोसेम" म्हणून लोक सरसकट सिमेंट पेंटला म्हणतात. तो बाहेरचा, पावडरीचा, मारल्यावर पाणी शिंपडून मुरवावा लागतो, नाहीतर हाताला लागतो.

चकाकीचे दर्जे : मॅट, सॉफ्ट शीन, सॅटिन, ग्लॉस. चकाकी वाढेल तशी भिंत पुसायला सोपी, पण खळगे जास्त दिसतात. जुन्या वाकड्या भिंतींना मॅट, पोरांचे हात लागतात तिथं सॅटिन. छताला कायम मॅट.

कुंदा_प्रेमी
आमच्या पेंटरच्या मते पिस्ता रंगात सगळे खळगे लपतात. बहुतेक डब्यात पिस्ताच शिल्लक होता.

जांभा_चिरा
खानापूरकडच्या लोकांसाठी जोडतो. धागा टिळकवाडीचा असला तरी वाचणारे सगळीकडचे आहेत. जांबोटी, लोंढा, कणकुंबी भागात जांभ्या दगडाच्या, सांध्यात माती भरलेल्या भिंती अजून खूप आहेत. त्यांना पुट्टी आणि इमल्शन हा प्रकारच नको. ती भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वर प्लास्टिकसारखा पापुद्रा बसवला की पाणी आत अडकतं, रंग फुगतो आणि त्याच्याबरोबर जांभ्याचा भुगाही सुटतो.

तिथं चुनाच. १ किलो चुन्याला साधारण ५ लिटर पाणी, रात्रभर भिजू द्यायचा, जाड कापडातून गाळायचा. गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालायचा म्हणजे हाताला लागत नाही, आणि पांढरेपणाला चिमूटभर नीळ. तीन पातळ हात, एक जाड हात नव्हे. जाड मारला की खपली निघते. भिंत आधी शिंपडून ओली करायची.

बाहेरचा जांभा उघडा ठेवायचा असेल तर सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं पारदर्शक पाणीरोधक मिळतं. ते पापुद्रा करत नाही, वाफ बाहेर जाऊ देतं. वार्निश मारू नका. दिसतं छान, पण पावसाळ्यानंतर पांढरे डाग पडतात.

शहापूर_गल्ली
बेळगावातल्या घरात खालच्या तीन फुटांत रंग कायम सुटतो, पांढरी भुकटी येते. ते कशानं?

जांभा_चिरा
तो खार. जमिनीतलं पाणी जोत्यातून वर चढतं, बरोबर क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. आधी कोरड्या ब्रशनं झाडून काढा, लगेच धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसेल किंवा बाहेरची माती त्या थराच्या वर चढलेली असेल तर कितीही "वॉटरप्रूफ" रंग मारा, तो सुटणार. आधी बाहेरची माती खाली घ्या, गटारीचा उतार बघा, मग पेंटर बोलवा.

चिक्कोडी_रोड
आमच्या काळ्या मातीचंही लिहा की. गोकाक, अथणीकडं उन्हाळ्यात जमीन आखडली की भिंतीला तिरक्या भेगा पडतात, पावसाळ्यात मिटतात. एस्टिमेटमध्ये "क्रॅक फिलिंग" असतं आणि दर वर्षी तीच भेग.

परांची
@चिक्कोडी_रोड, केसासारखी भेग पुट्टीत झाकते. त्याहून मोठी असेल तर पत्र्याच्या कोपऱ्यानं व्हीच्या आकारात कापून, धूळ काढून क्रॅक फिलर. हलणारी भेग मात्र कडक मसाल्यानं भरून उपयोग नाही, ती शेजारून फुटते. तिथं लवचीक ॲक्रिलिक सीलंट, वर जाळीची पट्टी, मग पुट्टी. आणि भेगेत पेन जाईल एवढी फट असेल तर पेंटर सोडून इंजिनियरला दाखवा.

अनगोळ_शिवार
गणपतीआधीचं कुणी काढलंच नाही. आत्ता मारायचा की नाही?

जांभा_चिरा
बाहेरून अजिबात नाही. इमल्शनला हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली लागते, श्रावणात खानापूरच्या बाजूला ती क्वचितच उतरते. बाहेरच्या भिंती दिवाळीनंतर. दिवाळीच्या आधीही घाई करू नका, पाऊस थांबला तरी भिंत आतून ओली असते. शेवाळ आलं असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, घासून धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं. त्यात ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

नीरू_फिनिश
आतलं करता येईल, पण भिंत तपासून. ४५ सेंटिमीटर चौकोनी जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा. आत दव दिसलं किंवा भिंत गडद झाली असेल तर थांबा. जुन्या, कोरड्या आतल्या खोल्यांना चालेल, फक्त दोन हातांमधला वेळ डब्यावर चार तास लिहिला असला तरी पावसाळ्यात दुप्पट धरा.

नव्या खोलीचं गणित वेगळं. गिलाव्याला किमान २८ दिवस द्यायचे हा नियम उन्हाळ्याचा. कोरा सिमेंट फार अल्कलीयुक्त असतो, ओल असताना रंग मारला की गडद छटा डागाडागानं उडते. ती खोली यंदा नुसती पुट्टी आणि प्रायमरवर सोडा.

तिसरं_गेट
म्हणजे गणपतीआधी फक्त हॉल आणि देवघर, बाकी दिवाळीनंतर. घरी हे सांगायला इथलंच कुणीतरी या. :) @परांची, दहा बाय बाराच्या खोलीला माल किती लागतो तेही सांगा, म्हणजे मटेरियल सोडून आणि मटेरियलसकट यांची तुलना होईल.

परांची
४४० मधून एक दार ३ × ७ आणि एक खिडकी ४ × ४ असे ३७ काढले तर भिंत ४०० धरू. छत १२०.

इमल्शन गुळगुळीत भिंतीवर एका हाताला लिटरमागं १४० चौ. फूट धरा, डब्यावर जास्त लिहिलं असलं तरी. भिंतीला दोन हात म्हणजे ८०० भागिले १४०, पावणेसहा लिटर. ४ चा एक आणि १ चे दोन डबे. छताला पावणेदोन, म्हणजे २ लिटर. हा आकडा पाणी घालायच्या आधीच्या रंगाचा. पाणी किती घालायचं ते डब्यावर असतं, साधारण निम्म्याच्या आसपास. मगानं मोजून घालायला सांगा. पाणी वाढवलं की "दोन हात" होतात, पण खालचा रंग दिसतो आणि मग तिसऱ्या हाताचे पैसे मागतात.

फुल पुट्टी दोन हात, किलोमागं १५ चौ. फूट. ५२० ला ३५ किलो, म्हणजे ४० किलोचं एक पोतं. प्रायमर लिटरमागं शंभर-सव्वाशे, ५ लिटर पुरतो.

एकाच शेडचे डबे मशीनवर वेगवेगळ्या दिवशी काढले तर छटेत फरक पडू शकतो. सगळे एका बादलीत ओतून मिसळा, निदान एका भिंतीपुरते. आणि मध्येच जेवायला उठायचं नाही, भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपवायची. अर्ध्यात वाळलेल्या कडेवर परत रोलर आला की जोड दिसतो. कडा ब्रशनं मारतात त्याला कटिंग म्हणतात. कटिंग ओलं असतानाच रोलर त्याला भिडला पाहिजे.

वडगाव_मागरी
तिसऱ्या कागदातलं "ग्रिल वेगळं" राहिलं.

चपडा_स्पिरिट
साधं ग्रिल मोजताना एकाच बाजूचं लांबी × उंची धरतात, त्यात दोन्ही बाजूंचा रंग आला. "दोन्ही बाजूचे दोनदा" असं कुणी लावलं तर देऊ नका. पॅनेलच्या दाराला मात्र प्रत्येक बाजूला १.३ पट, सपाट फ्लश दाराला १.२ पट ही रूढ पद्धत आहे, ते मागितलं तर योग्यच.

ग्रिलच्या ओळीत "वायर ब्रशनं गंज काढून, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर" असं लिहून घ्या. घासलेलं लोखंड आपल्या हवेत एका रात्रीत परत तांबूस होतं. आणि खिडकीत जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल तर त्यावर रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट टिकत नाही, जस्तावरून सालासारखा सुटतो. त्याला आधी एच (etch) प्रायमर, जस्तावर पकड धरणारा. पेंटरला ते नाव माहीत नसेल तर दुकानातून डबा आणून त्याच्या हातात द्या.

तिसरं_गेट
ग्रिलमध्ये दोन पाइप जी. आय.चेच आहेत. उद्या तिघांना मापाचा तक्ता पाठवतो, त्यात पुट्टी पोत्याची की बादलीची हाही रकाना टाकलाय.